प्रोजेक्टरचा पट्टा शिलाई मशीनच्या दुकानात

धुळ्यातील एका भंगारवाल्याकडे लोखंडी कपाटे आणि मोडक्या बाकांच्या ढिगात सोळा मिलिमीटरचा एक बोलपट प्रोजेक्टर पडलेला होता. पेटीच्या झाकणावर कुठल्याशा शाळेचा डेडस्टॉक क्रमांक पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेला होता, आत एक रिकामे रीळ आणि उंदरांनी कुरतडलेली वायर होती, आणि भाव किलोवर होता. यंत्र परदेशी बनावटीचे, १९७० च्या दशकातील, आपल्याकडच्या २३० व्होल्टवर चालणारे. आता ते चित्र आणि आवाज या दोन्हींसह चालते. त्याचे न मिळणारे भाग कुठून उभे राहिले हे विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून सगळे एकदाच सविस्तर लिहून ठेवत आहे.

माझा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर असा, की भागाचे नाव आणि कंपनीचा क्रमांक घेऊन खानदेशात फिरलात तर हात हलवत परत याल. पण तो भाग यंत्रात नेमके काय काम करतो, किती वेगाने फिरतो आणि किती भार सोसतो हे दुकानदाराला सांगता आले, तर निम्म्याहून अधिक गोष्टी धुळे-जळगावातच मिळतात. उरलेल्या काही मात्र कुठेच मिळत नाहीत, आणि त्यांच्यासाठी दुसरे मेलेले यंत्र विकत घ्यावे लागते.

आमच्या भागात सिनेमा दोन वाटांनी आला. एक वाट जत्रेतील तंबूची. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असली, तरी माझ्या वडिलांच्या पिढीतील माणसे तिची आठवण काढताना घोड्यांइतकेच तंबूतील पिक्चरविषयी बोलतात. तंबूंत आणि गावोगावच्या थिएटरांत ३५ मिलिमीटरची यंत्रे असत, आणि जंक्शनचे गाव असल्यामुळे वितरकांची कार्यालये भुसावळला असत. दुसरी वाट सरकारी प्रचाराच्या गाड्यांची आणि शाळा-महाविद्यालयांची. तिथे सोळा मिलिमीटरचे राज्य होते. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट, कुटुंबनियोजनाचे आणि शेतीचे लघुपट गावच्या चावडीसमोर चादर बांधून याच जातीच्या यंत्रांवर दाखवले जात. थिएटरच्या मोठ्या यंत्रांना आता थोडी प्रतिष्ठा आली आहे, हॉटेलांच्या दर्शनी भागात रंगरंगोटी करून ती उभी केलेली दिसतात. शाळेच्या यंत्रांचे तसे भाग्य नाही. वास्तविक घरात ठेवून चालवण्याजोगे यंत्र हेच आहे, कारण कोडॅकने १९२३ मध्ये ही फिल्म आणली तीच घरगुती वापरासाठी आणि न भडकणाऱ्या ॲसिटेट पायावर. त्या काळची ३५ मिलिमीटरची फिल्म ज्वालाग्राही नायट्रेटची असे.

दुरुस्तीकडे वळण्याआधी यंत्राची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. फिल्मच्या कडेला प्रत्येक चौकटीमागे एक छिद्र असते आणि दोन छिद्रांत ७.६२ मिलिमीटर अंतर असते. फिल्म ज्या खिडकीवरून प्रकाशासमोर सरकते त्या गेटपाशी एक लहानसा पोलादी पंजा, ज्याला ऑपरेटर मंडळी क्लॉ म्हणतात, त्या छिद्रात शिरतो, फिल्म एक चौकट खाली ओढतो आणि बाहेर पडून वर जातो. हे सेकंदाला २४ वेळा होते. फिल्म सरकत असताना शटरचे पाते प्रकाश अडवते. वर आणि खाली असलेली दोन दातेरी चाके, म्हणजे स्प्रॉकेट, फिल्म एकसारख्या गतीने पुरवतात आणि ओढून घेतात. पंज्याची गती धक्क्यांची आणि स्प्रॉकेटची सलग, म्हणून दोहोंच्या मध्ये फिल्मचा सैल वळसा, म्हणजे लूप, ठेवावा लागतो. लूप गेला की चित्र उड्या मारू लागते.

इतक्या वर्षांनी मिळालेले यंत्र थेट प्लगमध्ये घालू नये. आपल्याकडे शेतीपंपांच्या मोटारी भरणारे वाइंडिंगवाले गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या टेबलावर शंभर वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडलेला एक बोर्ड हमखास असतो. यंत्र प्रथम त्या बोर्डावर लावावे. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो बल्बवर निभावतो, ट्रान्सफॉर्मर जळत नाही. त्याच दुकानात मोटारीचा कपॅसिटर बदलून मिळाला. मूळ जितक्या मायक्रोफॅरडचा तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि ४४० व्होल्टचा घ्यायचा, आकार वेगळा असला तरी हरकत नाही. वीज देण्यापूर्वी हाताने फिरवायची घुंडी वापरून सगळी यंत्रणा एक पूर्ण फेरा फिरवून पाहणेही आवश्यक आहे.

माझ्या यंत्रात ती घुंडी फिरतच नव्हती, कारण वंगण मेणासारखे घट्ट झाले होते. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून पांढरे पेट्रोल आणि जुना टूथब्रश वापरला. गेटवर मात्र लोखंडी काही लावू नये. तिथे फिल्मवरचे इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, घासले जाऊन काळे, काचेसारखे कडक कण साचलेले असतात. ते ओलसर करून बांबूच्या टोकदार काडीने उचलावेत, कारण गेटवर उमटलेला एक ओरखडा पुढे चालणाऱ्या प्रत्येक फिल्मवर उभी रेघ पाडतो. तेलाच्या बाबतीत बाजारात फवाऱ्याचे जे डबे मिळतात त्यांचा मोह टाळावा. बेअरिंगसाठी आणि पंज्याच्या फेल्टसाठी शिलाई मशीनचे तेल चालते, गिअरना चांगले ग्रीस लागते.

स्वच्छता झाल्यावर खरा रोग दिसला. मोटारीच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर पंज्याचा कॅम आणि शटर बसवलेले आहेत, आणि त्यांच्या शेजारी प्लॅस्टिकचा एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखा धागा असलेला गिअर आहे, जो दोन्ही स्प्रॉकेटना गती देतो. त्या वर्मला लांबीच्या दिशेने दोन ठिकाणी तडे गेले होते. या काळातील यंत्रांत हा आजार सर्रास आढळतो आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. प्लॅस्टिकचा वर्म पोलादी दांड्यावर घट्ट दाबून बसवलेला असतो. वर्षानुवर्षे प्लॅस्टिक आकसत जाते, पोलाद आकसत नाही, आणि आतून पडणाऱ्या ताणाने शेवटी ते फाटते. यंत्र पेटीत पडून असले तरी हे घडतेच, त्यामुळे ‘अगदी कमी वापरलेले’ या जाहिरातीला या भागापुरता काही अर्थ नाही.

तयार नवीन वर्म इंग्लंड-अमेरिकेतून मागवता येतात. टपालखर्च आणि जकात धरून त्यांची किंमत माझ्या यंत्राच्या किमतीच्या कितीतरी पट झाली असती, म्हणून जळगावच्या एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे मुख्यतः चटई कारखान्यांच्या आणि डाळ मिलच्या यंत्रांचे गिअर कापले जातात. मालकांना सगळे अप्पा म्हणतात. फुटलेला वर्म त्यांनी पंख्याखाली धरला, नखाने धाग्यावरून एक फेरा फिरवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “डबल स्टार्ट आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना?” मला हिशेबाने ते माहीत होते. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे मुख्य दांडा मिनिटाला १४४० फेरे घेतो. स्प्रॉकेटला बारा दात, म्हणजे एका फेऱ्यात बारा चौकटी सरकतात, म्हणून त्याचे फेरे मिनिटाला १२० व्हायला हवेत. गुणोत्तर बारास एक. वर्मला जोडलेल्या चाकाला मात्र २४ दात आहेत. तेव्हा वर्मवर एकाऐवजी दोन धागे समांतर चालले पाहिजेत. नमुना नुसता डोळ्यांनी पाहून एकेरी धाग्याचा वर्म कापला असता तर स्प्रॉकेट निम्म्या वेगाने फिरले असते आणि फिल्म पहिल्या सेकंदातच फाटली असती.

दुसरी अडचण मापाची. अमेरिकी गिअर डी.पी. या इंची मापात असतात आणि आपल्याकडची कटर मॉड्यूल या मिलिमीटरच्या मापात. २५.४ ला डी.पी.ने भागले की मॉड्यूल येतो, म्हणजे २४ डी.पी. म्हणजे १.०५८ मॉड्यूल. एक मॉड्यूलचे कटर याच्या जवळचे वाटते, आणि कुणीतरी ‘तेवढे चालते’ असे म्हणेलही, पण मिनिटाला १४४० फेऱ्यांवर ते चालत नाही. आधी आवाज येतो, मग जोडीचा गिअर झिजतो. अप्पांनी लेथवर हव्या त्या लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात हवा तेवढाच पुढे सरकणारा, धागा कापण्यासाठी चेंज गिअर जुळवले आणि हत्याराचे टोक मूळ गिअरच्या दातावर घासून बेतले. वर्म कशाचा करायचा यावर थोडी चर्चा झाली. पितळ टिकाऊ खरे, परंतु आवाज करते, आणि जोडीचा गिअर फायबरचा असल्याने तोच आधी गेला असता. नायलॉन ओलावा शोषून फुगतो. शेवटी डेल्रिन या कडक प्लॅस्टिकवर एकमत झाले. मूळ दोष पुन्हा उद्भवू नये म्हणून वर्म दांड्यावर दाबून बसवला नाही. आत पितळी बुश, बुश आणि डेल्रिन यांच्यात किंचित मोकळीक, दोन्ही आरपार पिनांनी जखडलेले, आणि बुश ग्रब स्क्रूने दांड्यावर पक्का. गिअर बदलल्यावर पंजा आणि शटर यांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. फिल्म हलत असताना पाते पूर्ण आडवे हवे. ते लवकर किंवा उशिरा आले तर पडद्यावर पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली शेपट्या फुटतात. श्रेयनामावलीचा तुकडा चालवून हे तपासणे सर्वांत सोपे पडते.

वेग तपासण्यासाठी उपकरणाची गरज नाही. सोळा मिलिमीटरच्या एका फुटात ४० चौकटी असतात, म्हणून बरोबर वेगात मिनिटाला ३६ फूट फिल्म जाते. टाकाऊ फिल्मचे ३६ फूट मोजून ठेवावेत आणि घड्याळ लावावे. परदेशातून पुली किंवा मोटार मागवणाऱ्यांनी हे अवश्य करावे, कारण अमेरिकेतील वीज ६० सायकलची आहे. तिकडची मोटार तिकडच्याच पुलीसह आपल्या ५० सायकलवर लावली तर २४ ऐवजी २० चौकटी पडतात आणि गाणारी बाई पुरुषी आवाजात गाऊ लागते.

पट्ट्यांची कथा निराळी आहे. मुख्य पट्ट्याचे रबर खानदेशच्या उन्हाळ्यात वितळून गुळाच्या काकवीसारखे पुलीला चिकटले होते. त्याऐवजी हिरव्या पी.यू.चा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, गोल पट्टा बसवला. तो पॅकिंगच्या यंत्रांना लागतो, मीटरवर मिळतो, आणि तापवलेल्या पात्यावर दोन्ही टोके धरून एकमेकांवर दाबली की सांधा होतो; सांध्याची उठलेली कड ब्लेडने साफ केली नाही तर मात्र प्रत्येक फेऱ्याला टकटक होते. खालच्या रिळाचा, म्हणजे टेक-अपचा, पट्टा मला जमत नव्हता. इथे पट्टा किंचित घसरलाच पाहिजे, कारण रीळ भरत जाईल तसे ते सावकाश फिरते. न घसरणारा पट्टा फिल्म ताणतो आणि जास्त घसरणारा तिला जमिनीवर सोडतो. पी.यू. फारच पकड घेत होता. आमच्या ओळखीत एक आबा आहेत, ज्यांनी तरुणपणी जत्रेच्या तंबूत ऑपरेटरचे काम केले आहे. त्यांनी पट्ट्याला बोट लावले आणि सांगितले की शिलाई मशीनच्या दुकानात जा आणि पायमशीनचा चामड्याचा पट्टा आण. तो गोल पट्टा टोकांना भोक पाडून तारेच्या हुकाने जोडलेला असतो, त्यामुळे हवा तेवढा आखूड करता येतो. मी तो लावला तेव्हा त्यांनी पुन्हा बोट लावले. “भाऊ, हाऊ पट्टा अजून ढिला शे.” अर्धा इंच कापला आणि काम झाले. दुकानदाराने मशीन कोणत्या कंपनीचे असे विचारले होते. मी काय उत्तर दिले ते महत्त्वाचे नाही, पण पट्टा फार स्वस्त होता.

दिवा शोधायला वेळ लागला नाही. माझ्या यंत्रात २४ व्होल्ट, २५० वॅटचा हॅलोजन आहे, आणि शाळा-महाविद्यालयांत पूर्वी वापरात असलेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरांपैकी अनेकांत हाच दिवा असे. शैक्षणिक साहित्याच्या जुन्या दुकानदारांकडे त्यांची खोकी धूळ खात पडून आहेत. परावर्तक असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार येतात, ते आपसांत चालत नाहीत. काचेला बोट लावू नये. त्वचेचे तेल तापून क्वार्ट्झवर डाग पडतो आणि दिवा तिथेच फुगतो. एलईडी बसवा असा सल्ला अनेकांनी दिला. तो मी नाकारला, कारण कंडेन्सरची भिंगे फिलामेंटच्या लहानशा ठिपक्यासाठी घडवलेली आहेत, आणि माझ्या मते शाळेचे यंत्र शाळेच्या दिव्यावरच बघावे.

आवाजाच्या बाजूला सर्वांत जास्त वेळ गेला, आणि सर्वांत जास्त आनंदही तिथेच मिळाला. फिल्मच्या छिद्र नसलेल्या कडेवर ध्वनीची पट्टी छापलेली असते. एक्सायटर नावाच्या छोट्या दिव्याचा प्रकाश बारीक रेघेच्या रूपाने त्या पट्टीतून जातो, पलीकडचा प्रकाशघट त्याचे विजेत रूपांतर करतो आणि ॲम्प्लिफायर ते वाढवतो. या जागी फिल्म सलग चालणे आवश्यक असल्यामुळे तिथे जड चक्र लावलेला ड्रम असतो, आणि म्हणून ध्वनी चित्रापेक्षा २६ चौकटी पुढे छापलेला असतो. खालचा लूप लहान-मोठा झाला की ओठ आणि शब्द यांची चुकामूक होते. बऱ्याच जणांना हा फिल्मचा दोष वाटतो.

माझ्या यंत्रातून नुसती घुंईं येत होती. अशा वेळी एक्सायटर आणि ड्रम यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. घुंईं थांबली तर दोष दिव्याच्या विजेत आहे, चालूच राहिली तर ॲम्प्लिफायरमध्ये. माझ्याकडे ती चालू राहिली, म्हणजे पुरवठ्याचे फिल्टर कपॅसिटर सुकले होते. १०० सायकलचा तो आवाज अशा कपॅसिटरांची ओळखीची खूण आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलच्या दुकानांच्या गर्दीत सुटे इलेक्ट्रॉनिक भाग देणारे एक दुकान सापडले आणि सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकाच वेळी बदलले. एक-एक बदलत बसण्यात शहाणपण नाही. प्रकाशघट अशक्त झाला होता, त्याच्या जागी बीपीडब्ल्यू ३४ हा साधा फोटोडायोड बसला. प्रकाशाच्या रेघेतून कंगवा फिरवला तेव्हा स्पीकरमध्ये दात मोजता येतील अशी घरघर उमटली आणि आवाजाची बाजू जिवंत असल्याची खात्री पटली. एक्सायटरचा दिवा मात्र बाहेरून मागवावा लागला. चार व्होल्टचा कोणताही टॉर्चचा बल्ब तिथे पेटेल, पण एक्सायटरचे फिलामेंट सरळ आणि आडवे असते, त्याचीच प्रतिमा रेघ बनते. ठिपक्यासारख्या फिलामेंटने आवाज दबलेला, पाण्याखालून यावा तसा येतो.

पंज्याला पर्याय सापडला नाही. त्याच्या टोकांवर फिल्मने वर्षानुवर्षे घासून खाच पाडलेली होती, आणि खाचेची धार छिद्रांच्या कडा चिरत होती. इतका लहान भाग घडवून त्याला वरवरचे पाणी देणे कुणालाही जमण्यासारखे नव्हते. अप्पांनीही हात जोडले. तेव्हा मुंबईच्या चोर बाजारातून, मटन स्ट्रीटवरून, त्याच जातीचे एक मेलेले यंत्र आणले. मोटार जळालेली, बाह्यांग पिचलेले, पण पंजा जवळजवळ नवा आणि लेन्स स्वच्छ. घेण्यापूर्वी पंजा भिंगाखाली पाहू द्यावा ही अट घालावी, आणि विक्रेता नकार देत असेल तर पुढच्या दुकानात जावे. लेन्स ५० मिलिमीटरची आहे. सोळा मिलिमीटरच्या चौकटीची रुंदी सुमारे ९.६५ मिलिमीटर, म्हणून पाच मीटरवरून साधारण ९६ सेंटिमीटर रुंदीचे चित्र पडते. घराच्या बैठकीला ते पुरते, अंगणात शेजारपाजारच्यांना बोलवायचे असेल तर यंत्र दुप्पट लांब न्यावे लागते.

फिल्मविषयी थोडेच लिहितो, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. डबा उघडताच शिरक्याचा वास आला तर ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे. उष्णता आणि दमट हवा दोन्ही ही क्रिया वाढवतात, आणि मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या भुसावळ-जळगावात माळ्यावर ठेवलेले डबे फार टिकत नाहीत. अशी फिल्म आकसते, आणि आकसणे एक टक्क्याच्या आसपास गेले की पंजा छिद्रे फाडू लागतो. तिला इतर फिल्मांपासून दूर ठेवावे. जुन्या रंगीत प्रिंट गुलाबी पडलेल्या असतात, त्यावर यंत्राचा काही इलाज नाही. कृष्णधवल मात्र अजून ठणठणीत आहेत, आणि माझ्या यंत्रावर सध्या त्याच चालतात.

चोर बाजारातून आणलेल्या यंत्राच्या वर्मलाही अपेक्षेप्रमाणे तडा गेलेला आहे. अप्पांकडे त्याच मापांवरून आणखी एक वर्म कापायला दिला आहे. चेंज गिअर एकदा जुळवल्यावर दोन काढायचे असतील तर मजुरीत फारसा फरक पडत नाही, असे ते म्हणाले. वर्मचा मापांसहित नकाशा मी नीट काढून ठेवला आहे. तशाच यंत्राची घुंडी कुणाच्या घरी अडकलेली असेल, तर त्यांनी तो खुशाल मागून घ्यावा, मात्र कापायला देण्याआधी आपल्या स्प्रॉकेटचे दात स्वतः मोजून पाहावेत.